चारही प्लग नऊला

मी चिडकी आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की पोरगी रागाच्या भरात बोलतेय. रागातच बोलतेय. पण रागावलेला माणूस खोटंच बोलतो असं कुणी सांगितलं? या सगळ्या प्रकरणात जे खोटं बोलले ते अगदी शांतपणे बोलले, आवाज एक सूत वर न चढवता. ओरडले ती मी. म्हणून लोकांनी काय ठरवायचं ते ठरवलं.

माझं नाव भार्गवी. वय एकतीस. उज्जैनला नानाखेडा बस स्टँडच्या मागच्या रस्त्यावर ‘पोतनीस ऑटो’ नावाचं गॅरेज आहे, तिथं मी दहा वर्षं इंजिनं उघडते आणि मिटते. गॅरेज सुधाकर काकांचं. काका माझे सख्खे नव्हेत, बाबांचे मित्र. बाबा गेले तेव्हा मी पॉलिटेक्निकचा डिप्लोमा संपवून घरी बसले होते आणि आई मला बँकेच्या परीक्षेचे फॉर्म आणून देत होती. काकांनी मला गॅरेजमध्ये बोलावलं, एक बंद पडलेली स्कूटर पुढे ठेवली आणि स्वतः पेपर वाचत बसले. तासाभरानं स्कूटर चालू झाली. तेव्हापासून मी तिथलीच. गिऱ्हाईकं सुरुवातीला तोंड वाकडं करायची, ‘काका, लड़की से करवाओगे?’ काका म्हणायचे, ‘हाथ देखो उसके, चेहरा क्यूँ देख रहे हो?’ त्या एका वाक्यावर मी दहा वर्षं काढली, हे लपवण्यात अर्थ नाही.

यंदा काकांना अडुसष्टावं लागलं. गुडघे गेले. गाडीखाली शिरणं तर सोडाच, स्टुलावरून उठताना ते दोनदा देवाचं नाव घेतात. त्यांनी मला गणपतीतच सांगून ठेवलं होतं, ‘दिवाळीपासून गॅरेज तुझं. बोर्डवर नाव राहू दे माझं, पण मालकीण तू. क्लबच्या जेवणात मी सगळ्यांसमोर सांगणार आहे.’ क्लब म्हणजे इंदूर-उज्जैनकडच्या हौशी गाडीवाल्यांचा. जुन्या, वेगळ्या, पळणाऱ्या गाड्या पाळणारे पंचवीस-तीस लोक. आमच्या गॅरेजचं निम्मं काम त्यांच्याकडूनच येतं. त्यांच्यासमोर काकांनी सांगितलं की सांगितलं, मग कुणी ‘लड़की’ म्हणणार नव्हतं. मला ते एवढं हवं होतं की गणपतीपासून मी कुणाशी भांडलेसुद्धा नव्हते.

काकांची स्वतःची एक गाडी आहे. पिवळी, दोन सीटांची, वरून उघडी, फायबरच्या अंगाची. गोव्यात पंचवीसेक वर्षांपूर्वी अशा थोड्याच बनल्या, उज्जैनमध्ये ही एकच. इंजिन फ्रेंच, लहानसंच, पण गाडी इतकी हलकी की दाबली की पळते. दरवर्षी दसऱ्यानंतरच्या रविवारी क्लबवाले देवास रोडच्या हवाई पट्टीवर परवानगी काढून गाड्या पळवतात. घड्याळ लावून, एकेक करून. दुपारी तिथंच मंडप टाकून जेवण. काका त्या जेवणात बोलणार होते.

आता प्लगांचं सांगते, कारण सगळं रामायण तिथंच आहे.

पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडतो तो प्लग. टोकाशी मधे एक काडी असते आणि तिच्यावर वाकून आलेली एक बारीक पट्टी. दोघींच्या मधल्या फटीतून ठिणगी उडते. त्या फटीला आम्ही गैप म्हणतो. आमच्या पिवळीला गैप हवा पॉइंट नऊ मिलिमीटर, बोलताना नुसतं ‘नऊ’. कमी ठेवला तर ठिणगी मरतुकडी पडते. जास्त ठेवला तर उभ्या गाडीत सगळं छान चालतं, पण ॲक्सिलरेटर दाबला, आत दाब वाढला, की ठिणगीला ती फट ओलांडता येत नाही आणि गाडी भर वेगात आचके द्यायला लागते.

पोतनीसांकडे खंडेनवमीला नवे प्लग बसवतात. काकांचे पूर्वज शिंद्यांच्या शिलेखान्यात हत्यारांवर होते म्हणे. तलवारी कधीच गेल्या, आता पाटावर पाने, पक्कड, फट मोजायच्या पात्यांचा फिलर गेज, जॅक मांडतात, हळद-कुंकू वाहतात, आणि त्याच पाटापुढे पिवळीच्या चार नव्या प्लगांचा गैप लावतात. पद्धत अशी की एकानं लावायचं आणि दुसऱ्यानं मोजून मोठ्यानं सांगायचं. देवापुढे सांगितलेलं माप, त्यात खोट नाही. गेली सात वर्षं लावते मी आणि मोजतात काका.

प्लग घ्यायला मी टावर चौकात गेले होते. दुकानदारानं नेहमीप्रमाणे आधी चमकता डबा पुढे केला. ‘इरिडियम ले जाओ, बहनजी. सब ये ही डलवा रिये हैं आजकल.’ मी म्हटलं, भिया, या इंजिनाच्या जन्माच्या वेळी जे लागलं तेच दे, साधं निकेलचं, फक्त एक नंबर थंडा. थंडा प्लग म्हणजे उष्णता लवकर सोडणारा. रोजच्या बाजारहाटाला नेहमीचाच बरा, पण हवाई पट्टीवर पूर्ण दाबून पळवायची तर गरम प्लगचं टोक तापून लाल होतं आणि पेट्रोल वेळेआधीच पेटतं. त्यानं दिलेले पहिले चार मी परत केले. छपाई पुसट होती, वॉशर हातात निघून येत होता, नकली माल. दुसरे चार घेतले, चुडीची, म्हणजे आट्यांची, लांबी जुन्या प्लगशी लावून बघितली, मगच निघाले. दुकानदार हसून म्हणाला, ‘इतना तो लोग रिश्ता करने में नहीं देखते.’

खंडेनवमीला काकांचा मुलगा अनय घरी होता. पुण्याला आयटीत असतो. दोन महिन्यांपूर्वी त्याची नोकरी गेली होती, ते घरात कुणी बोलत नव्हतं, पण मला काकूंनी सांगितलं होतं. अनय वाईट नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, एवढंच. मी प्लग लाकडाच्या ठोकळ्यावर हलकेच टेकवत गैप कमी करत होते. नवे दहाच्या आसपास आले होते. हे काम हळूच करायचं असतं, मधल्या काडीला धक्का लागू द्यायचा नाही आणि पक्कड तर अजिबात लावायची नाही. अनय मोबाइलवरून मान वर न करता म्हणाला, ‘नऊ काय ठेवतेस? बारा ठेव ना. मी व्हिडिओ पाहिला, गैप मोठा तर स्पार्क मोठा. पॉवर वाढते.’

‘त्या व्हिडिओवाल्याच्या गाडीची कॉइल जास्त जोराची वीज देत असेल,’ मी म्हटलं. ‘आपली पंचवीस वर्षांची म्हातारी आहे. बाराला उडी नाही मारणार ती.’

‘ट्राय तरी करून बघा ना, यार.’

काका हसले. ‘अरे, तू गाडी चालव. प्लग तिला बघू दे.’ चालवणार अनय होता, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती. वडिलांची गाडी, मुलगा चालवणार. मग काकांनी चष्मा चढवला, फिलर गेजचं नऊचं पातं काढलं आणि पहिल्या प्लगात सरकवलं. ‘नऊ.’ दुसऱ्यात. ‘नऊ.’ तिसरा त्यांनी दोनदा मोजला. ‘नऊ.’ चौथा. ‘नऊ. शाबास.’ काकूंनी चारही प्लगांना कुंकवाचं बोट लावलं, ते मी पुसून काढलं, कारण देवाला चालत असलं तरी इंजिनाला चालत नाही. रबरी नळीत धरून चारही प्लग हातानं आत फिरवले, पान्यानं आवळले. गाडी सुरू केली तर इतकी सुरेल की काका डोळे मिटून ऐकत उभे राहिले.

दसऱ्याला गॅरेज बंद होतं. मी सोनं द्यायला काकांकडे गेले, पाया पडले, बासुंदी खाल्ली. गाडीकडे फिरकलेही नाही. ती माझी चूक म्हणायची असेल तर म्हणा.

रविवारी सकाळी आठलाच पट्टीवर जत्रा भरली होती. बारा गाड्या, त्यांचे मालक, मालकांच्या बायका, पोहे-जिलबीचा स्टॉल. काका नवी टोपी घालून खुर्चीत बसले होते. मी निळा कुर्ता घातला होता, इस्त्रीचा, जेवणात उभं राहावं लागलं तर म्हणून. आई म्हणाली होती, पट्टीवर जातेस की बघण्याच्या कार्यक्रमाला?

पिवळीचा नंबर सहावा. अनयनं काळा गॉगल चढवला, हात केला आणि निघाला. पहिला गिअर, दुसरा, छान. तिसऱ्यात त्यानं पूर्ण दाबली आणि मला पायाच्या तळव्यापर्यंत कळलं. फट्. फट् फट्. गाडी आचके देत, मागून बार काढत, ठेचकाळत पट्टीच्या शेवटापर्यंत गेली. वेळ आली ती त्याआधी पळालेल्या एका जुन्या आल्टोपेक्षा वाईट. कुणीतरी शिट्टी वाजवली. ‘भिया, इसको तो धक्का लगाओ!’ सगळे हसले.

गाडी परत आली तसं मी बॉनेट उघडलं. काका काठी टेकत आले, पंधरा-वीस लोक भोवती जमले. ‘प्लग काढ,’ काका म्हणाले. मी फडक्यात धरून पहिला गरम प्लग काढला आणि फडक्यासकट त्यांच्या हातात दिला. त्यांनी नऊचं पातं घातलं. ते लळालोंबा हललं. दहाचं घातलं, तेही ढिलं. मग नऊला तीनचं जोडलं, तेव्हा कुठे घट्ट बसलं.

‘बारा,’ काका म्हणाले.

चारही बारा. आणि चारींच्या पट्टीवर पकडीचे दात उमटलेले होते. मी पाहिले, काकांनी पाहिले. मी इतक्या जवळ उभी होते की काकांचा अंगठा त्या खुणेवर सरकलेला मला दिसला. त्यांनी मान वर करून अनयकडे बघितलं. अनय गॉगल काढून पुसत होता, अगदी नीट, दोन्ही बाजूंनी.

मला तेव्हा काय वाटलं ते खरं सांगते. मला अनयची दया आली. म्हटलं, आता बिचाऱ्याला सगळ्यांसमोर बोलणी बसणार. काका कामात हयगय झाली तर बापालाही सोडत नाहीत. मी मनात त्याच्या बाजूनं दोन शब्दसुद्धा जुळवून ठेवले, की जाऊ द्या काका, शिकतो आहे.

डॉक्टर मंदार तिथं होते. दाताचे डॉक्टर, क्लबचे अध्यक्ष, आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्यांनी विचारलं, ‘काका, प्लग किसने सेट किए थे?’

‘भार्गवीने,’ काका म्हणाले.

‘आपने चेक नहीं किए?’

काकांनी हातातला प्लग फडक्यात गुंडाळला. मग म्हणाले, ‘नहीं. मैंने देखे ही नहीं. इस पर भरोसा था.’

पहिल्यांदा मला वाटलं, माझं ऐकण्यात चुकलं. मग वाटलं, काका विसरले, वय झालंय. मी म्हटलं, ‘काका, अहो, खंडेनवमीला तुम्ही मोजले ना? चारही. नऊ म्हणालात.’

काकांनी माझ्याकडे बघितलं. विसरलेल्या माणसाची नजर अशी नसते. ‘बेटा, आत्ता नको,’ ते हळूच म्हणाले.

मग माझा तोल गेला. ‘आत्ता नको म्हणजे? यानं पक्कड लावलीय! दात दिसतायत! दाखवा सगळ्यांना!’ मी काकांच्या हातातला प्लग ओढला, तो तापलेला होता, हातातून सुटला, डांबरावर पडला आणि त्याचं पांढरं चिनी मातीचं नळकांडं फुटलं. झालं. हात दाखवून अवलक्षण. डॉक्टर मंदार म्हणाले, ‘अरे बेटा, गलती हो जाती है, चिल्लाने से क्या होगा?’ मागून कुणीतरी म्हणालं, ‘लड़की है भिया, टेन्शन में आ गई.’ अनयची बोलायची वेळ होती. त्यानं गॉगल परत चढवला. काकांनी खुर्ची मागवली, खोक्यातला एक जादा प्लग घेतला आणि गुडघ्यावर फडकं पसरून चारही प्लग स्वतःच्या हातानं नऊला लावले. अनय दुसऱ्यांदा पळाला आणि त्या दिवसाची तिसऱ्या नंबरची वेळ काढून आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ‘हाथ लगते ही चल पड़ी! काका तो काका हैं.’

म्हणजे चूक माझी होती हे सिद्धही झालं.

मी जेवणाला थांबले नाही. देवास रोडला येऊन मिळेल ती शेअर मॅजिक गाडी पकडली. काकांनी जेवणात गॅरेजबद्दल काही सांगितलं नाही, हे मला नंतर कळलं.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. माझी आई कुसुम, तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, ‘पण भार्गवी, काका कशाला खोटं बोलतील गं?’

‘अनयसाठी.’

‘त्यांना जरुरत काय? मुलगा चुकला तर चुकला म्हणतील. तू घाईत असशील. सणाचा दिवस, घरात माणसं. एखादा राहून गेला असेल.’

‘एखादा? चारही बारा होते, आई. पकडीचे दात होते.’

‘ते तू म्हणतेस,’ आई म्हणाली, आणि लगेच, ‘म्हणजे मी बघितलं नाही ना, म्हणून म्हणते.’

तिला दोष कसा देऊ? मीसुद्धा सोमवारी दुपारी स्वयंपाकघरात उभी राहून आठवत होते, की खरंच मी चारही लावले होते का. दहा वर्षं ज्या माणसानं ‘बरोबर’ म्हटलं तेव्हाच मी स्वतःचं काम बरोबर मानलं, तो म्हणाला मोजलेच नाहीत, तर माझ्या हातावर मी तरी विश्वास कुठून आणू? दिवसभर माझा जीव त्यात अडकला होता. राग परवडला, हे असलं नको.

मंगळवारी सकाळी काका आले. आई भैरवगढला गेली होती, पुण्याच्या मावशीला छापाच्या चादरी पाठवायच्या होत्या म्हणून. काका तीन पायऱ्या चढून येईपर्यंत मी दार उघडलं नाही, उभी राहून जाळीतून बघत राहिले. मग उघडलं.

ते बसले. पाणी प्यायले. मी समोर उभीच. त्यांनी काठी दोन्ही गुडघ्यांच्या मधे धरली आणि म्हणाले, ‘नऊ होते. चारही. मला मालूम आहे.’

माझे डोळे भरून आले, आणि याचीच मला सगळ्यात जास्त चीड आली. कारण ते रडू सुटकेचं होतं. मी वेडी नव्हते. माझा हात चुकला नव्हता.

‘अनयनं दसऱ्याच्या दुपारी केलं,’ काका म्हणाले. ‘मला पट्टीवर कळलं, तुझ्याबरोबरच.’

‘मग तसं का नाही म्हणालात?’

‘तो पुण्याहून हरून आलाय, भार्गवी. दोन महिने खोलीतून बाहेर येत नव्हता. पहिल्यांदा चार लोकांत आला होता, हसत होता. तिथं त्याचं नाक कापलं गेलं असतं तर परत उभा नसता राहिला. तुझं काय, तू मजबूत आहेस. तू सहन करशील, हे मला माहीत होतं.’

बघा बरं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर संन्याशाचं कौतुक, की काय छान मान पुढे केलीस! मी म्हटलं, ‘काका, मी मजबूत आहे म्हणून माझ्यावर ढकललंत?’

‘आपलेच दात, आपलेच ओठ, बेटा. काय करू?’

‘म्हणजे दातही तोच, ओठही तोच. मी कोण?’

ते म्हणाले, ‘तू घरचीच आहेस.’ आमच्याकडे ज्याला काही द्यायचं नसतं त्याला घरचं म्हणतात. हे मी तोंडावर बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. बाबा गेल्यानंतर या माणसानं आमच्या घराचा गॅस सिलिंडरसुद्धा स्वतः उचलून आणून दिलाय, आणि मी त्यांना हे ऐकवत होते. मला वाईट वाटत होतं. वाईट वाटत असूनही मी थांबले नाही.

‘मला माफी नको,’ मी म्हटलं. ‘इथं दार लावून खरं बोलून काय उपयोग? तिथं वीस माणसांसमोर बोललात, आता त्यांच्यासमोरच सांगा. अनयचं नावही घेऊ नका हवं तर. एवढंच सांगा की भार्गवीनं बरोबर लावले होते आणि मी मोजले होते. नाहीतर माझ्याकडे गाडी द्यायला कोण येईल? मी गॅरेज चालवू कसं?’

काका म्हणाले, ‘क्लबच्या ग्रुपवर लिहितो. आज संध्याकाळी. चुकलं माझं. मिटवतो मी सगळं, शब्द देतो.’

आणि मी विश्वास ठेवला. का ठेवला विचाराल तर मला सांगता येणार नाही. बहुतेक सवयीनं. त्यांना चहा करून दिला, आल्याचा, त्यांना आवडतो तसा. उतरताना त्यांचा हात धरून तिन्ही पायऱ्या उतरवलं. खाली रिक्षात बसताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. दिवसभर मी हलकी हलकी होते. बाथरूम घासलं. अनयला कामाला कसं लावायचं याचाही विचार केला, हिशोब आणि फोन त्याच्याकडे द्यावेत, हत्यारांना हात लावू द्यायचा नाही म्हणून.

आई संध्याकाळी चादरी घेऊन आली. मी तिला म्हटलं, थांब, सातला तुला काहीतरी वाचायला देते. तिनं विचारलं, काय गं? मी म्हटलं, तू बघच. चादरी पलंगावर पसरून ती रंग कच्चा आहे की पक्का हे ओल्या बोटानं बघत बसली, आणि मी मोबाइल हातात धरून तिच्याशेजारी.

सात वाजून दहा मिनिटांनी ग्रुपवर काकांचं नाव आलं. ‘लिहीत आहेत’ असं किती तरी वेळ दिसत राहिलं. मग निरोप आला. हिंदीत होता, कारण ग्रुप हिंदीत चालतो.

‘साथियों, रविवार की बात अब यहीं समाप्त करें. बच्ची से गलती हुई, मैंने उसे माफ कर दिया है. आप भी मन में न रखें. दिवाली से गैरेज अनय संभालेगा और भार्गवी पहले की तरह उसके साथ काम करेगी. आपका, सुधाकर काका.’

मी एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचायची गरज पडली नाही. सकाळी माझ्या डोक्यावर हात ठेवणाऱ्या माणसानं संध्याकाळी केसानं गळा कापला होता, तोही अगदी निवांत, विरामचिन्हांसकट. खाली हात जोडलेली चित्रं यायला लागली. ‘बड़ा दिल है काका का.’ ‘आप जैसे लोग अब कहाँ.’ ‘अनय भाई को बधाई.’

‘काय आलं?’ आईनं माझ्या हातातून मोबाइल घेतला, चष्मा वर करून वाचलं. वाचून तिचा चेहरा सैल झाला. ‘चला,’ ती म्हणाली, ‘मिटलं एकदाचं. काढून टाकलं नाही ना त्यांनी तुला. मोठ्या मनाचा माणूस आहे हो.’

सकाळी काका या घरात बसून काय बोलले ते मी तिला सांगू शकले असते. तोंडापर्यंत आलंही. पण मग ती म्हणाली असती, ‘ते तू म्हणतेस’. हे एक वाक्य आणखी एकदा ऐकायची माझी तयारी नव्हती. मी मोबाइल परत घेतला आणि ग्रुपवर लिहिलं. एकेक शब्द नीट लिहिला.

‘काका, चारों प्लग मैंने नौ पर सेट किए थे. आपने खुद नापे थे. आज सुबह मेरे घर आकर आपने यह माना है. यहाँ भी कहिए.’

जोडलेले हात यायचे थांबले. एकेक करून सगळ्यांनी वाचल्याचं दिसत होतं, काकांनीही. मी वाट बघत राहिले. चार मिनिटं गेली असतील. मग डॉक्टर मंदार यांनी लिहिलं, ‘बेटा, अपनी गलती मान लेने से कोई छोटा नहीं होता. काका पिता समान हैं.’

त्यावर पहिला अंगठा काकांचा आला.